जिनिंगच्या शेडमधील अग्निसह डेटा केबल : एका हंगामाच्या वापरानंतरचे परीक्षण

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत आगीची धास्ती हंगामभर असते. कापसाबरोबर गाडीतून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा जिनच्या रोलरपर्यंत पोचला की ठिणगी पडते. ती रुईबरोबर हवेच्या नळातून प्रेसकडे जाते आणि पुष्कळदा तिथे लगेच न भडकता गाठीच्या पोटात धुमसत राहते. १७० किलोची दाबलेली गाठ बाहेरून धड दिसत असताना आतून जळत असू शकते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणूनच अलीकडे मोठ्या जिनांमध्ये नळातली ठिणगी ओळखणारी यंत्रे, शेडमध्ये धूरशोधक, प्रेसजवळ कॅमेरे आणि फाटकाजवळच्या कार्यालयात या सर्वांची माहिती दाखवणारा पडदा अशी व्यवस्था बसू लागली आहे. ही सगळी व्यवस्था ज्या तारेवर चालते ती मात्र बहुतेक ठिकाणी बाजारात मिळणारी साधी कॅट-सिक्स, म्हणजे संगणक जोडायची नेहमीची नेटवर्क केबल असते, आणि आग लागली की ज्या वेळी निरोप पोचणे सर्वांत गरजेचे असते नेमक्या त्याच वेळी ती वितळून बंद पडते.

मी हिंगणघाट परिसरातल्या जिनांमध्ये विजेची आणि नेटवर्कची कामे करतो. गेल्या हंगामाआधी अशाच एका कारखान्यात प्रेसहॉलपासून फाटकाच्या कार्यालयापर्यंतच्या मुख्य मार्गावर चार जोड्यांची, शिल्ड (विद्युत गोंगाट अडवणारे धातूचे आवरण) असलेली, कॅट-सिक्स दर्जाची अग्निसह, म्हणजे आगीतही संदेश पोचवत राहणारी, डेटा केबल टाकली. तिचा वापर, तिची रचना आणि तिच्या मर्यादा यांविषयी मराठीत फारसे लिहिलेले सापडत नाही, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण इथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी या प्रकारच्या कोणत्याही केबलला लागू पडतात आणि ज्या उणिवा आढळल्या त्या एका छापापुरत्या असतील असे मला वाटत नाही.

खरेदीच्या वेळी पहिला घोळ होतो तो खोक्यावरच्या अक्षरांचा. तालुक्याच्या दुकानात अग्निसह केबल मागितली की दुकानदार एफआरएलएस (फ्लेम रिटार्डंट लो स्मोक) छापलेली केबल पुढे करतो. ती वाईट नसते, पण तिचे काम वेगळे आहे. एफआरएलएस केबल पेट घ्यायला वेळ लावते, ज्योत दूर केली की आग स्वतःहून पसरवत नाही आणि धूर तुलनेने कमी करते. मात्र ज्योतीत सापडलेल्या भागातून वीज किंवा संदेश पुढे जात राहील, असे कोणतेही वचन त्या अक्षरांत नाही. ते वचन देणारी चाचणी वेगळी आहे. डेटा केबलसाठी ती आयईसी ६०३३१-२३ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे : किमान ७५० अंश सेल्सिअसच्या ज्योतीत केबल धरायची, शिफारस ९० मिनिटांची, त्यानंतर ज्योत बंद करून आणखी १५ मिनिटे निवू द्यायची, आणि या सगळ्या वेळात कोणतीही तार तुटता कामा नये किंवा दुसरीला चिकटता कामा नये. केबलच्या सालावर किंवा प्रमाणपत्रात हा क्रमांक नसेल तर दुकानदाराने कितीही छातीठोकपणे सांगितले तरी ती केबल अग्निसह समजू नये.

केबल सोलून पाहिली की तिची किंमत कशात आहे ते कळते. बाहेरचे नारिंगी साल जाड आणि किंचित खरखरीत आहे; ते हॅलोजनविरहित मिश्रणाचे आहे. साध्या केबलचे पीव्हीसीचे साल जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सोडते, कारण शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असते. कोंडलेल्या शेडमध्ये हा वायू माणसाच्या डोळ्यांना आणि घशाला झोंबतो आणि जवळच्या पॅनेलमधल्या नाजूक सर्किटांनाही गंज आणतो. या केबलच्या सालात त्याऐवजी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडसारखी खनिज भुकटी वजनाने निम्म्याहून अधिक भरलेली असते. सुमारे २०० अंशांच्या पुढे ही भुकटी उष्णता शोषून घेत पाणी सोडते आणि मागे पांढरट राखेचे कवच उरते. सालाच्या आत काचतंतूंची पट्टी, मग ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि त्याला टेकून उघडी तांब्याची तार, आणि त्याच्या आत पिळलेल्या चार जोड्या आहेत. जोडीतली एकेक तार उलगडली की तांब्यावर सोनेरी-तपकिरी अभ्रकाची पट्टी अर्धी अर्धी वर चढवत गुंडाळलेली दिसते आणि तिच्यावर पॉलिथिलीनचे आवरण. पट्टी सोडवताना अभ्रकाचे चमकते कण बोटांना चिकटून राहतात. या सगळ्या रचनेत आगीत टिकणारे काय, तर तांबे, अभ्रक आणि काचतंतू. पॉलिथिलीन १३० अंशांच्या आतबाहेरच वितळते. ते गेल्यानंतर दोन तारांमध्ये अंतर राखण्याचे काम केवळ ही पट्टी करते.

अभ्रकाचीही जात विचारून घ्यावी. आपल्या देशातल्या खाणींतून प्रामुख्याने निघणारे मस्कोव्हाइट अभ्रक विद्युतरोधक म्हणून उत्तम असले, तरी फार उच्च तापमानात त्याच्या स्फटिकातले पाणी निघून ते फुगते आणि ठिसूळ होते. फ्लोगोपाइट जातीचे अभ्रक त्याहून जास्त तापमान सोसते. आमच्या केबलच्या माहितीपत्रकात नुसते 'मायका टेप' एवढेच लिहिले होते. जात विचारल्यावर फ्लोगोपाइट असल्याचे लेखी उत्तर मिळाले. ही माहिती मुळातच छापायला हवी होती.

आता या केबलच्या रचनेतला खरा अवघड भाग. विजेच्या केबलला अग्निसह करणे तुलनेने सोपे आहे. अभ्रक जाड गुंडाळले, वर सिरॅमिक होणाऱ्या सिलिकॉन रबराचे आवरण दिले की निभावते. डेटा केबलमध्ये तसे करता येत नाही, कारण तिथे तारेवरचे आवरण हाच संदेशवहनाचा भाग असतो. जोडीचा प्रतिबाध (इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या संदेशाला तारेचा होणारा विरोध) १०० ओम असावा लागतो आणि तो तीन गोष्टींवर ठरतो : तांब्याची जाडी, दोन तारांमधले अंतर आणि मधल्या पदार्थाचा विद्युत गुणांक (डायइलेक्ट्रिक स्थिरांक). पॉलिथिलीनचा हा गुणांक सुमारे २.३ आहे, अभ्रकाचा त्याच्या दुपटीहूनही अधिक. म्हणजे आगीपासून वाचवण्यासाठी जितके अभ्रक वाढवावे तितकी जोडीची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते, प्रतिबाध १०० ओमच्या खाली घसरतो, संदेश मंदावतो आणि वाटेत अधिक क्षीण होतो. ते भरून काढण्यासाठी अभ्रकाच्या वर पॉलिथिलीन जास्त जाड द्यावे लागते किंवा बुडबुडे भरलेले फेसाळ पॉलिथिलीन वापरावे लागते, आणि त्यामुळे केबल लठ्ठ व ताठ होते. त्यातही पट्टी सर्वत्र सारख्या ताणाने गुंडाळलेली नसेल तर प्रतिबाध जागोजाग बदलतो आणि संदेशाचा काही भाग प्रत्येक बदलाच्या जागी परावर्तित होऊन माघारी येतो. कॅट-सिक्सला २५० मेगाहर्ट्झपर्यंत काम करायचे असते, आणि त्या वारंवारतेला असे लहान दोषही जाणवतात. म्हणून काही उत्पादक प्रत्येक तारेवर अभ्रक न देता चारही जोड्यांच्या भोवती एकच जाड अभ्रक-काच आवरण देतात. त्यात संदेश चांगला चालतो, पण आतले पॉलिथिलीन वितळल्यावर तारा एकमेकींना चिकटण्याचा धोका वाढतो. आमच्या केबलच्या कारागिरांनी पहिला, कठीण मार्ग निवडला आहे, आणि त्यांनी तो बऱ्याच अंशी तडीस नेला आहे, असे मी म्हणेन. सर्वांत लांब मार्गावर केबलचा दर्जा तपासणाऱ्या प्रमाणक यंत्राने मोजणी केली तेव्हा क्षीणता आणि एका जोडीतून दुसरीत होणारी संदेशाची गळती निवांत मर्यादेत होती. परावर्तनाच्या मापात मात्र केबल उत्तीर्ण झाली ती अगदी काठावर. ९० मीटरच्या कमाल लांबीपर्यंत ती ताणावी, असे मी कोणाला सांगणार नाही.

दुसरी गोष्ट ग्राहकाने नीट समजून घेतली पाहिजे. आयईसी ६०३३१-२३ ची चाचणी तारांचे सातत्य पाहते, डेटाचा वेग पाहत नाही. आगीत पॉलिथिलीन गेले की जोडीची भूमिती बदलते आणि त्याबरोबर प्रतिबाधही. शिवाय तांब्याचा रोध प्रत्येक अंशामागे साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ८०० अंशांच्या आसपास तापलेल्या भागात तो मूळच्या सुमारे चौपट होतो. त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीजही पुरवायची असेल तर तापलेला भाग जितका लांब तितका विजेचा दाब (व्होल्टेज) घसरतो आणि दूरचे उपकरण बंद पडू शकते. गिगाबिटची जोडणी घसरून १०० मेगाबिटवर आली, तरी इशाऱ्याचा निरोप जाण्यास ती पुरेशी असते; चित्र स्पष्ट राहावे ही अपेक्षा मात्र करू नये. या मर्यादा कोणत्याही माहितीपत्रकात ठळकपणे दिसत नाहीत.

तिसरी बाब पाण्याची. आयईसी ६०३३१-२३ मध्ये पाण्याचा फवारा नाही आणि हातोड्याचे धक्केही नाहीत. विजेच्या केबल्ससाठीच्या बीएस ६३८७ या ब्रिटिश मानकात ते आहेत : त्यातल्या डब्ल्यू वर्गात ६५० अंशांच्या ज्योतीबरोबर पाणी मारले जाते आणि झेड वर्गात ९५० अंशांच्या ज्योतीत धक्के दिले जातात. जिनची आग म्हणजे पाणी आलेच. नगरपरिषदेचा बंब पोचेपर्यंत कारखान्याची माणसे टाकीचे पाइप घेऊन धावतात, आणि साल जळून गेलेल्या केबलवर, म्हणजे उघड्या पडलेल्या अभ्रकावर, ते पाणी पडते. भिजलेले अभ्रक तारांमध्ये विजेची गळती होऊ देते. उत्पादकाला मी पाण्याच्या चाचणीविषयी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की डेटा केबलची तशी चाचणी केलेली नाही. उत्तर खरे होते याचे समाधान आहे, पण आपल्याकडच्या वापरासाठी ही मोठी उणीव आहे.

बसवण्याचा अनुभव कष्टाचा होता. अभ्रकामुळे तार इतकी जाड होते की नेहमीच्या आरजे-४५ प्लगमध्ये ती बसत नाही. माझ्याबरोबरच्या फिटरने दोन प्लग वाया घालवून विचारले, "भाऊ, हे आत जातच नाही ना. वरचा कागद सोलून टाकू काय?" त्याला मी सांगितले की सोल, पण जॅकच्या आत जाईल तेवढाच, एक बोटभरही जास्त नको. शेवटी जाड तारेसाठीचे जॅक (प्लग जिच्यात बसतो ती खोबण) मागवून दोन्ही टोकांना असे जॅक बसवायची पट्टी, म्हणजे पॅच पॅनेलच बसवले आणि पुढे यंत्रापर्यंत साध्या पॅच कॉर्ड, म्हणजे प्लग लावलेल्या छोट्या तयार केबल्स वापरल्या. ही टोके व स्विच आगीच्या वाटेबाहेर, विटांच्या भिंतीच्या पलीकडे ठेवावी लागतात, कारण जॅक प्लास्टिकचे असतात आणि त्यांना कोणी अग्निसह म्हणत नाही. केबल वळवताना नेहमीपेक्षा मोठा वळसा द्यावा लागतो. कोपऱ्यात दाबून वळवली तर आतले अभ्रक तडकते आणि ते बाहेरून कळत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न आधाराचा. आमच्याकडे केबल टिनाच्या शेडच्या कैचीला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधायची सवय आहे. आग लागताच या पट्ट्या वितळतात, केबल खाली लोंबते आणि स्वतःच्या वजनाने जळालेले अभ्रक गळून पडते. म्हणजे महागडी केबल दीड-दोन रुपयांच्या पट्टीमुळे निकामी होते. हा धोका माणसांच्या जिवावरही बेततो. २०१० साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टन शहरातल्या शर्ली टॉवर्स या इमारतीच्या आगीत दोन अग्निशमन जवानांचा मृत्यू झाला, आणि प्लास्टिकचे आधार वितळून लोंबलेल्या केबल्सचा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला. पुढे तिथल्या वायरिंगच्या नियमांत केबल्सना आगीत न ढासळणारे आधार सक्तीचे झाले. आम्ही संपूर्ण मार्गावर लोखंडी सॅडल आणि स्टीलच्या पट्ट्या वापरल्या, दोन आधारांमधले अंतर उत्पादकाने सांगितले तेवढेच ठेवले आणि केबलचा मार्ग शक्य तिथे सरकीच्या ढिगावरून न नेता भिंतीच्या बाजूने वळवून नेला. मजुरी वाढली, पण या खर्चात काटछाट करायची असेल तर ही केबल घेऊच नये.

प्रमाणपत्रावर विसंबणे पुरेसे न वाटल्याने कापसापासून लांब, मोकळ्या अंगणात गॅसच्या टॉर्चने तीन तुकडे जाळून पाहिले. ही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे. ज्योतीचे तापमान मोजले नव्हते आणि वाराही होता. पहिला तुकडा तालुक्यात स्वस्तात मिळणाऱ्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलचा होता. काळा, नाकात झोंबणारा धूर निघाला आणि थोड्याच वेळात तार मधोमध वितळून तुटली. यात नवल नाही : ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तांबे १,०८५ अंशांना. दुसरा तुकडा अस्सल तांब्याच्या साध्या कॅट-सिक्सचा. त्याच्या तारा तुटल्या नाहीत, पण आवरण वितळून त्या एकमेकींना चिकटल्या आणि मल्टिमीटरने लगेच तसे दाखवले. तिसरा, अग्निसह केबलचा तुकडा, बराच वेळ ज्योतीत धरला. साल आधी फुगले, मग राखाडी-पांढरे होत कवचासारखे तडकले. धूर पांढुरका आणि विरळ होता. मल्टिमीटरने शेवटपर्यंत तारा वेगळ्या असल्याचे दाखवले आणि दोन टोकांना लावलेल्या यंत्रांमधला संदेश चालू राहिला. अर्थात जळालेला भाग जेमतेम हातभर होता. दहा-पंधरा मीटर केबल एकदम ज्वाळेत सापडली तर असेच होईल, असे यावरून म्हणता येत नाही. निवल्यानंतर बोटाने हलकेच टोचले तेव्हा अभ्रकाची खपली पडली आणि दोन तारा टेकल्या. आधार घट्ट का हवेत, याचे उत्तर त्या खपलीत मिळाले.

रोजच्या वापराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दसऱ्यानंतर कापूस यायला लागल्यापासून हंगाम संपेपर्यंत या मार्गावर एकही जोडणी तुटली नाही, रुईच्या धुळीचा किंवा मोटारींच्या विद्युत गोंगाटाचा परिणाम दिसला नाही. शिल्डला एकाच टोकाला नीट अर्थिंग केलेले आहे. मे महिन्यात टिनाखालच्या उष्णतेने साल मऊ पडले नाही. खारीने मात्र एका जागी साल कुरतडले. खनिज भुकटीने भरलेले साल खारी-उंदरांना रोखत नाही आणि एकदा कुरतडल्यावर तिथे ओल शिरते, त्यामुळे पावसाळ्याआधी संपूर्ण मार्ग डोळ्यांखालून घालावा लागतो. शेडच्या बाहेरच्या उन्हात ती उघडी ठेवू नये. तिथे आम्ही लोखंडी पाइप घातला.

किमतीचा विचार केल्यास ही केबल साध्या कॅट-सिक्सच्या कित्येक पटींनी महाग पडते, आणि त्यात जॅक, सॅडल व मजुरी धरावी लागते. म्हणून ती सगळीकडे टाकणे मला पटत नाही. वजनकाट्याचा संगणक, अंगणातले कॅमेरे, कार्यालयातले छपाईयंत्र यांना अस्सल तांब्याची साधी केबल पुरते. ठिणगीशोधक आणि धोक्याचा पॅनेल यांना फाटकाशी व पंपघराशी जोडणारा मार्ग तेवढा अग्निसह असावा. हा मार्ग किती मोलाचा असतो हे १९७५ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात दिसले होते : हवेची गळती मेणबत्तीने तपासताना फटीतल्या फोमने पेट घेतला, १,६०० हून अधिक केबल्सना झळ पोचली आणि सुरक्षेच्या अनेक यंत्रणांचे नियंत्रण हातून गेले. यंत्रे शाबूत होती. त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या तारा नव्हत्या.

मार्ग ८०-९० मीटरहून लांब असेल तर मी अग्निसह ऑप्टिकल फायबर सुचवीन. तिची चाचणी आयईसी ६०३३१-२५ प्रमाणे होते. शुद्ध सिलिकाची काच १,६०० अंशांच्या वरच मऊ पडते, तारा चिकटण्याचा प्रश्न येत नाही, प्रतिबाधाची ती सगळी कसरत लागत नाही आणि पावसाळ्यात विजांच्या कडकडाटात यंत्रे जळण्याचा धोकाही कमी होतो. फक्त दूरच्या टोकाला वीज वेगळी पोचवावी लागते आणि ती वीजवाहिनीही अग्निसहच हवी. आम्ही येत्या हंगामात पंपघराचा मार्ग याच पद्धतीने करणार आहोत. फाटकापर्यंतची तांब्याची केबल मात्र आहे तिथेच राहील.

खरेदी करणाऱ्यांनी कोटेशन मागवतानाच चार गोष्टी लेखी घ्याव्यात : चाचणीच्या मानकाचा पूर्ण क्रमांक आणि ज्योतीत टिकलेला वेळ, तार भरीव तांब्याची असल्याची हमी, अभ्रकाची जात, आणि त्या जाडीच्या तारेला बसणाऱ्या जॅकचे नाव. आम्हाला शेवटची गोष्ट ड्रम कारखान्यात येऊन पडल्यावर कळली आणि जॅक येईपर्यंत काम थांबून राहिले. उत्पादकाने ड्रमबरोबरच ते जॅक पाठवायला सुरुवात केली आणि पाण्याची चाचणी करून तिचा निकाल छापला, तर या केबलला मी आजच्यापेक्षा निश्चितच वरचा दर्जा देईन.